आरोपी मयत झाला: केस थांबते, देणं थांबत नाही

माणूस गेला की केस संपली, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. ते अर्धंच खरं. मयत आरोपीपुरता फौजदारी खटला अबेट होतो, म्हणजे निकाल न लागताच बंद पडतो, सहआरोपींवर मात्र चालूच राहतो. आणि अबेट म्हणजे निर्दोष सुटका नव्हे.

कोर्टाला मृत्यू आपोआप कळत नाही. तारखेला कोणी हजर नसलं की वॉरंट निघतं आणि तेराव्याच्या आधीच पोलीस खळ्यात उभे. म्हणून वकिलामार्फत लगेच पुरशिस (कोर्टाला लेखी कळवणं) द्या, सोबत मृत्यूचा दाखला आणि केस नंबर. दाखला मृत्यू जिथे झाला तिथला मिळतो. उपचारासाठी मुंबईला नेलेला माणूस तिथेच वारला, तर गावच्या ग्रामपंचायतीत खेटे घालून उपयोग नाही. नावही जुळवून बघा. चार्जशीटवर 'बाबी' आणि दाखल्यावर 'भालचंद्र' असेल तर एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र लागेल. कोर्ट बहुधा पोलिसांकडून खात्री करून घेतं आणि मग आदेश करतं. जामीनदाराने आपले कागद परत मागण्याचा अर्ज तेव्हाच द्यावा. हे बहुतेक जण विसरतात.

शिक्षा झाली होती आणि आरोपीचं अपील चालू होतं, तर घाई करा. कैदेच्या किंवा फाशीच्या शिक्षेविरुद्धचं अपील चालू ठेवायची परवानगी आई-वडील, पती किंवा पत्नी, मुलं-नातवंडं, भाऊ-बहीण मागू शकतात. पण मृत्यूपासून ३० दिवसांतच (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४३५). दिवसकार्यातच निम्मे दिवस जातात. घराण्यावरचा डाग पुसायचा तर हाच रस्ता. रत्नागिरी-सिंधुदुर्गची हायकोर्टातली अपिलं ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूरमधल्या सर्किट बेंचकडे (तिथे बसणाऱ्या खंडपीठाकडे) आहेत, हेही लक्षात असू द्या. नुसत्या दंडाविरुद्धचं अपील मृत्यूने अबेट होत नाही, आणि राहिलेला दंड मयताच्या मिळकतीतून वसूल होऊ शकतो.

आता पैशाचं. समजा, देवगडच्या बागायतदाराला आंबा व्यापाऱ्याने ४ लाखांचा चेक दिला, तो वटला नाही, १३८ ची (चेक न वटल्याची फौजदारी) केस लागली आणि पावसाळ्यात व्यापारी वारला. केस अबेट होईल. पोरांना आरोपी करता येणार नाही, पण बापाची मिळकत त्यांच्याकडे आली असेल तर तेवढ्यापुरती वसुली होते. स्वतःच्या कमाईतून फेडायची सक्ती नाही. या वसुलीसाठी बागायतदाराला वेगळा दिवाणी दावा लावावा लागतो, साधारण ३ वर्षांच्या आत. १३८ ची केस चालू होती म्हणून ही मुदत थांबत नाही. इथेच लोक फसतात.

दावा आधीच चालू असेल तर प्रतिवादीचे वारस ९० दिवसांत रेकॉर्डवर आणायचे. चुकलं तर दावा त्याच्यापुरता अबेट. हे अबेट होणं रद्द करून घ्यायला आणखी ६० दिवस. अर्जात सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते हवेत, मुंबईच्या चाकरमान्यांचे आणि लग्न होऊन गेलेल्या मुलींचेही. कोर्टातून वारस दाखला आणायची इथे गरज नसते. प्रतिज्ञापत्र चालतं, सोबत वारस फेरफार (जमिनीच्या दप्तरातली वारसांची नोंद) जोडला तर बरं. हुकूमनाम्याची दरखास्त (दाव्याच्या निकालाची अंमलबजावणी मागणारा अर्ज) मात्र अबेट होत नाही.

बदनामी किंवा मारहाणीच्या भरपाईचा दावा, ज्यात जीव गेलेला नाही, तो निकालाआधी प्रतिवादी वारला की बहुतेक तिथेच संपतो. हायवेवरच्या अपघाताचं वेगळं. गाडीचा मालक वारला तरी विमा कंपनीविरुद्धचा क्लेम बुडत नाही, पण अर्ज अपघातापासून ६ महिन्यांत करायचा.