तलंगांचे खाद्य (मराठवाडा)

अंड्यावर यायच्या बेतात असलेल्या कोंबडीला तलंग म्हणतात. वाढीचे खाद्य थांबवून तिला अंड्याचे खाद्य कधी सुरू करायचे, यावर तिची पुढची सगळी अंडी अवलंबून असतात. शासकीय योजनेतून 8 ते 10 आठवड्यांच्या 25 तलंगा व 3 नर असा गट मिळतो. दोन-चार महिन्यांत हा प्रश्न घरोघरी उभा राहतो.

दोन खाद्यांतला मुख्य फरक कॅल्शियमचा आहे. ग्रोअर मॅशमध्ये (वाढीच्या खाद्यात) ते सुमारे 1 टक्का, तर लेअर मॅशमध्ये (अंड्याच्या खाद्यात) 3.5 ते 4 टक्के असते. प्रथिनांत फार अंतर नाही. एका अंड्याच्या कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम जाते. रोज 110 ग्रॅम ग्रोअर मॅश खाणाऱ्या तलंगेच्या पोटात जेमतेम 1.1 ग्रॅम जाते आणि तेही पुरते अंगी लागत नाही. उरलेले ती स्वतःच्या हाडांतून काढते. मग कवच मऊ पडते, कोंबडी पायांतून जाते. उलट फार आधी लेअर मॅश दिला तर जादा कॅल्शियमचा भार मूत्रपिंडांवर येतो.

लेअर मॅशच्या पोत्यावर छापलेले 18-20 आठवडे हे संकरित लेअर पक्ष्यांचे वय आहे. गावरान तलंग सहा महिन्यांच्या आसपास अंड्यावर येते, म्हणून तिथे पक्षी पाहूनच ठरवावे. तुरा लालभडक होतो, पाठीवर हात ठेवताच ती दबून बसते, खुराड्याचे कोपरे हुंगत फिरते. ही लक्षणे दिसली की आठवडाभर दोन्ही खाद्ये मिसळून हळूहळू बदल करावा. कळपात नर असतील तर सर्वांना ग्रोअर मॅश ठेवून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात देणे अधिक चांगले. गरज असलेली तलंग तो आपणहून टिपते. चुरा भरड हवा. कवच मुख्यतः रात्री घडते आणि मोठे कण पोटात सावकाश विरघळत रात्रभर कॅल्शियम पुरवतात. ब्रॉयलरचे उरलेले खाद्य मात्र तलंगांना घालू नये, त्याने चरबी चढते.

घरच्या भरड्यात मका, ज्वारी किंवा बाजरीला सोयाबीन पेंडीची जोड लागते. लातूर भागात ही पेंड सहज मिळते. कच्चे सोयाबीन देऊ नये. त्यातील घटक प्रथिने पचू देत नाहीत, ते भाजावेच लागते. सरकीच्या पेंडीतील गॉसिपॉल या घटकामुळे साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट पडतो. पांढऱ्या रब्बी ज्वारीत टॅनिन (पचनात अडथळा आणणारा तुरट घटक) कमी असल्याने ती उत्तम; फक्त बलक फिका येतो, तो पिवळा मका किंवा लसूणघासाने सुधारतो. खरी काळजी पावसात भिजून काळ्या पडलेल्या खरीप ज्वारीची. स्वस्त मिळते म्हणून ती कोंबड्यांपुढे टाकली जाते, पण बुरशीचे विष यकृतावर आणि अंड्यांवर उतरते. मूठभर दाणे हातावर चोळून वास घ्यावा. कुबट आला तर ती ज्वारी कोंबड्यांना देऊ नये.

एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांपलीकडे गेला की तलंगांचे खाणे घटते, धापा टाकल्याने कवचही पातळ होते. तेव्हा खाद्य पहाटे व सूर्य कलल्यावर द्यावे आणि गार पाणी दिवसभर सावलीत ठेवावे. एरवीही पाणी खाद्याच्या दुप्पट लागते, उन्हाळ्यात त्याहून बरेच जास्त.