चौकटीच्या दुकानातून आलेली गॅलरी

छोट्या गॅलरीत शिरलं की भिंतीवर मूळ चित्रं दिसतात आणि काउंटरपाशी प्रिंट, बुकमार्क, शुभेच्छापत्रं, सावंतवाडीची लाकडी फळं. ही भेटवस्तूंची बाजू म्हणजे भाडं भागवण्यासाठी केलेली तडजोड, असं बरेच जण मानतात. मुंबईत मात्र घडलं ते उलट. इथे आधी छापील चित्रं आणि चौकटी विकल्या गेल्या, मूळ चित्रं विकणारी गॅलरी त्यानंतर आली.

राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लिथो म्हणजे दगडावरून होणाऱ्या छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो आणि एकेक रंग नेमका जागच्या जागी बसावा लागतो. या खटाटोपातून निघालेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं मध्यमवर्गीयांच्या घरात पोचली. लोक त्यांवर जरी, टिकल्या, कापड चिकटवून ती सजवत. विकत आणलेलं चित्र चौकट करून भिंतीवर लावायचं, ही सवय इथली.

मूळ चित्रांना अशी बाजारपेठ नव्हती. बॉम्बे आर्ट सोसायटी 1888 पासून होती आणि तिची प्रदर्शनं भरत, पण चित्रकाराचं काम वर्षभर मांडणारं, विकणारं दुकान नव्हतं. 1941 मध्ये केकू गांधी यांनी रॉजर व्हॅन डॅम या बेल्जियन गृहस्थांच्या साथीने चौकटीच्या पट्ट्या बनवण्याचा धंदा सुरू केला. नाव केमोल्ड. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या त्यांच्या शोरूममध्ये आरा, हेब्बर, हुसेन यांची चित्रं लागू लागली. 1952 मध्ये काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी उघडली. तिथे चित्रकार ठरावीक दिवसांसाठी दालन भाड्याने घेतो आणि विक्री त्याची तोच बघतो. ती सोय अजूनही मोलाची आहे, पण दालन भाड्याने देणं वेगळं आणि चित्रकाराचं काम वर्षानुवर्षं सांभाळणं वेगळं. हे दुसरं काम करायला 1963 मध्ये जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड सुरू झाली. त्याच वर्षी फ्लोरा फाउंटनजवळ पंडोल आर्ट गॅलरी निघाली. 1964 मध्ये जहांगीरच्या व्हरांड्यात समोवार हे उपाहारगृह आलं. चहाला आलेला माणूस जाता जाता चित्रं बघून जाई. ते 2015 मध्ये बंद झालं.

चौकटीचा धंदा गॅलरीला का पोसतो, हे एका पट्टीवरून कळतं. चित्र 12 × 16 इंच, चहूबाजूंनी 2 इंचांचा माउंट (चित्राभोवती ठेवलेली पुठ्ठ्याची किनार), म्हणजे काच 16 × 20. तिची परिमिती 72 इंच. पट्टी 1 इंच रुंद असेल तर कोपऱ्यांच्या 45 अंशांच्या कापांसाठी रुंदीच्या आठपट, म्हणजे आणखी 8 इंच धरायचे. झाले 80. दहा फुटी पट्टीतून 40 इंच उरतात. एवढ्यात 5 × 7 इंचांच्या प्रिंटची चौकट होते, कारण तिला 24 अधिक 8, म्हणजे 32 इंचच लागतात. करवतीत जाणारं लाकूड धरूनही भागतं. उरलेल्या तुकड्यात बसवलेली ती छोटी प्रिंट ही काउंटरवरची सर्वांत सहज विकली जाणारी वस्तू ठरू शकते. लाकडाचा खर्च मोठ्या चौकटीने आधीच भरून काढलेला असतो.

हाच धंदा बुडतो कुठे, तर पावसाळ्यात. कागदावरचं काम काचेला टेकलं की दमट हवेत बाष्प तिथेच अडकतं. रंग काचेला चिकटतो, नाहीतर बुरशीचे तपकिरी ठिपके उमटतात. माउंट शोभेसाठी असतो तसाच ही फट राखण्यासाठीही असतो. माउंट आम्लमुक्त पुठ्ठ्याचा हवा. साधा पुठ्ठा काही वर्षांत कापाच्या कडेने पिवळी रेघ सोडतो. चित्र मागून मास्किंग टेपने डकवणं तर सरळ नुकसान आहे. तिचा गोंद कागदात मुरतो आणि डाग काढता येत नाही. जपानी कागदाच्या पट्ट्यांच्या दोन बिजागऱ्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ पुरते, शिवाय पाण्याने सोडवताही येते. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बटणं लावली की ओल्या भिंतीपासून हवेला वाट राहते.

कमिशनची रीत तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत आहे. 30,000 रुपयांच्या चित्रावर 40 टक्के म्हणजे गॅलरीला 12,000. गिऱ्हाइकाला 10 टक्के सूट दिली आणि ती एकट्या गॅलरीने सोसली, तर 9,000 उरतात. वाट्याचा चौथा भाग गेला. म्हणून सूट कोणाच्या खिशातून, हे चित्र ताब्यात घेतानाच कागदावर हवं. बिल करतानाही जपायला हवं. हाताने काढलेलं चित्र जीएसटीच्या 9701 क्रमांकात येतं आणि 22 सप्टेंबर 2025 पासून त्यावर 12 ऐवजी 5 टक्के कर आहे. छापील प्रिंट 4911 मध्ये जाते, तिला हा दर लावून चालत नाही.

सर्वांत जास्त गफलत हक्कांची होते. जिव्या सोमा म्हसे यांची वारली चित्रं 1975 मध्ये गॅलरी केमोल्डमध्ये लागली, आणि लग्नघरात सवाशिणींनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहिलेला चौक ज्या परंपरेचा, ती कागदावर येऊन शहरात विकली जाऊ लागली. आज तीच माणसं-झाडं कप, पिशव्या, उशांच्या अभ्र्यांवर दिसतात. बहुतेकदा काढणाऱ्याचं नावही नसतं. हे चुकीचं आहे, आणि कायद्यातही बसेलच असं नाही. चित्र विकत घेतलं म्हणजे ते कपावर छापायचा हक्क मिळत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. रविवर्मा 1906 मध्ये गेले, त्यांची चित्रं कोणीही छापू शकतो. 2011 मध्ये गेलेल्या हुसेन यांची 2071 अखेरपर्यंत नाही. परवानगी लेखी लागते. तीत मुदत लिहिली नसेल तर कायदा ती 5 वर्षंच धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. अमेरिकेतल्या मराठी मंडळासाठी 200 कप पाठवायचे असतील, तर करारात तो देश नावानिशी लिहिलेला हवा.