माकडांमधील थॅलॅमस : रासायनिक घडण आणि कॉर्टेक्सशी जोडण्या

थॅलॅमस म्हणजे मेंदूच्या खोल मध्यभागी, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, असे चेतापेशींचे दोन अंडाकृती पुंजके. वास सोडला तर डोळा, कान, जीभ, त्वचा यांचे संदेश कॉर्टेक्सपर्यंत, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या आवरणापर्यंत, पोचतात ते इथूनच. माणसाच्या मेंदूशी असलेल्या साधर्म्यामुळे या विषयातले पुष्कळसे पायाभूत काम मॅकाक गटातल्या माकडांवर झाले आहे.

जुने अभ्यासक पेशींचा आकार आणि दाटी पाहून थॅलॅमसची केंद्रके, म्हणजे त्यातले पेशींचे लहान गट, आखत. ऱ्हीसस माकडाच्या थॅलॅमसचा ओल्शेव्स्की यांचा १९५२ सालचा नकाशा त्याच पद्धतीचा. नकाशा उपयोगाचा खराच, पण एकाच केंद्रकात शेजारी बसलेल्या दोन पेशी वेगवेगळ्या ठिकाणी संदेश धाडतात, हे त्यावरून कळत नाही. ते कळले कॅल्शियमला बांधून ठेवणाऱ्या दोन प्रथिनांमुळे : पार्व्हाल्ब्युमिन आणि कॅल्बिंडिन.

चेताशास्त्रज्ञ एडवर्ड जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले, की पार्व्हाल्ब्युमिन असलेल्या पेशी ठरावीक केंद्रकांतच दाटीने असतात आणि कॉर्टेक्सच्या मधल्या थरांत, नेमक्या जागी, नकाशाबरहुकूम तंतू पाठवतात. कॅल्बिंडिनच्या पेशी मात्र केंद्रकांच्या सीमा न जुमानता थॅलॅमसभर पसरलेल्या असतात. त्यांचे तंतू कॉर्टेक्सच्या वरच्या थरांत, एकाहून अधिक क्षेत्रांवर फाकतात. पहिल्या प्रकाराला गाभा आणि दुसऱ्याला आधारद्रव्य म्हणता येईल.

दृष्टीच्या लॅटरल जेनिक्युलेट केंद्रकाचा काप पाहिला की हा भेद डोळ्यांत भरतो. एकावर एक सहा वाकडे थर दिसतात : तळाचे दोन मोठ्या पेशींचे, वरचे चार लहान पेशींचे. पहिला, चौथा आणि सहावा थर विरुद्ध बाजूच्या डोळ्याचा, बाकीचे त्याच बाजूच्या. पार्व्हाल्ब्युमिनच्या रंजनात, म्हणजे ते प्रथिन असलेल्या पेशी रंगवल्या की, हे सहाही थर गडद होतात. कॅल्बिंडिनचे रंजन केले की त्यांच्यामधल्या, एरवी जवळजवळ रिकाम्या भासणाऱ्या फटी उजळतात. तिथल्या बारीक पेशींचे तंतू प्राथमिक दृष्टिक्षेत्राच्या तिसऱ्या थरातल्या, सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकर भरपूर असलेल्या ठिपक्यांत जातात. मुख्य थरांचे तंतू चौथ्या थरात उतरतात.

स्पर्शाच्या केंद्रकातही अशीच विभागणी आहे. बारीक स्पर्शाची वाट मुख्यतः पार्व्हाल्ब्युमिनच्या पेशींकडे येते, वेदना व तापमानाची बरीचशी कॅल्बिंडिनच्या पेशींकडे. हाताच्या संवेदी नसांची मुळे कापल्यावर वर्षानुवर्षे जगलेल्या माकडांत पार्व्हाल्ब्युमिन घटलेले आणि कॅल्बिंडिन वाढलेले आढळले. म्हणजे ही रासायनिक घडण येणाऱ्या संदेशांनुसार बदलते. या विषयातला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष माझ्या मते हाच.

पुढे संदेश नेणाऱ्या पेशी ग्लुटामेट हे उत्तेजक द्रव्य वापरतात. थॅलॅमसला बाहेरून वेढणाऱ्या जाळीदार केंद्रकाच्या पेशी गाबा हे रोधक द्रव्य सोडतात आणि त्यांचे तंतू कॉर्टेक्सकडे न जाता थॅलॅमसमध्येच परततात. कॉर्टेक्सच्या सहाव्या थरातून थॅलॅमसकडे उतरणारे तंतू जाता जाता याच केंद्रकाला फाटा देतात.