खुणा बरोबर, तरी चेन वाकडी

पेट्रोलची जुनी बाइक इलेक्ट्रिक करून घेतली की पहिल्याच फेरीत एक अनोळखी आवाज कानावर येतो. कधी करकर, कधी एका लयीतली घरघर. कित्येकदा तो आधीपासूनच असतो, फक्त इंजिन आणि सायलेन्सरच्या गोंगाटात दबलेला. पण तो खरोखर नवा असेल, तर मोटर आणि कंट्रोलरवर शंका घेण्याआधी चेनकडे पाहावं. (मागच्या चाकातच मोटर असलेल्या, म्हणजे हब मोटरच्या बाइक इथे सोडून देऊ, त्यांना चेनच नसते. इंजिनाच्या जागी मोटर बसवून मागचं चाक चेननेच फिरवायचं, अशा रूपांतराबद्दल हे आहे. आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मुळे असा बदल आरटीओला न कळवता करता येत नाही, हेही सांगून टाकतो.)

मालक वाकून स्विंगआर्मवरच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्यावरच्या खुणा बघतो. एक्सल (चाकाचा आस) दोन्ही बाजूंना तिसऱ्या खुणेवर आहे, म्हणजे सगळं सरळ, असं त्याला वाटतं. त्या खुणा एवढंच सांगतात, की चाक स्विंगआर्ममध्ये सरळ आहे. कारखान्यातून आलेल्या गाडीत तेवढं पुरतं, कारण इंजिन बसायची भोकं, स्प्रॉकेटची (चेन ज्यावर चढते त्या दातेरी चाकाची) जागा आणि हबची (चाकाच्या मधल्या भागाची) जाडी एकाच आराखड्यातून आलेली असते. रूपांतर केलेल्या गाडीत मोटर धरणारी प्लेट कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये कापलेली, पुढचं स्प्रॉकेट बाजारातून आणलेलं, मध्ये अंतर राखायला लेथवर काढलेला स्पेसर. मोटर नेमकी कुठे बसली आहे, हे स्विंगआर्मच्या खुणांना कसं कळणार?

हान्स रेनॉल्डने १८८० मध्ये मँचेस्टरमध्ये बुश-रोलर चेन आणली, तिची रचना आजही जवळपास तशीच आहे. आतल्या पट्ट्यांत ठोकून बसवलेले बुश, बुशवर मोकळे फिरणारे रोलर आणि बुशमधून जाणाऱ्या, बाहेरच्या पट्ट्यांत घट्ट बसलेल्या पिना. प्रत्येक जोड वर-खाली हवा तेवढा वळतो. आडवा वळणं त्याच्याकडून अपेक्षितच नाही.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या बाइकवर ४२८ चेन असते. त्यातला पहिला ४ म्हणजे चार अष्टमांश इंच, अर्थात १२.७ मिलिमीटर : एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर. आतल्या पट्ट्यांमध्ये साधारण पावणेआठ मिलिमीटर जागा असते आणि स्प्रॉकेटचा दात सव्वासातच्या आसपास जाड असतो. म्हणजे सगळी मोकळीक अर्ध्या मिलिमीटरची. त्यापलीकडे स्प्रॉकेट सरकलं, की पट्टी दाताच्या बगलेला घासायला लागते. १८ इंची चाक, मागे ४२ दात आणि ताशी ६० किलोमीटर वेग धरला, तर दर सेकंदाला पावणेचारशेच्या आसपास जोड दातावर चढतात. तेवढे घासे, दर सेकंदाला.

बिघाड कोणता आहे ते दातांच्या बगलाच सांगतात. चेन उतरवा, स्प्रॉकेट रॉकेलने पुसा आणि चकाकी कुठे आली आहे ते बघा. पुढच्या स्प्रॉकेटची डावी बाजू आणि मागच्याची उजवी (किंवा उलट) चकाकत असेल, तर दोन्ही स्प्रॉकेट एकमेकांना समांतर आहेत, पण एका रेषेत नाहीत. अशा वेळी स्पेसर कमी-जास्त करावा लागतो. एकाच स्प्रॉकेटची एकच बाजू घासली असेल, तर वरून पाहिल्यावर ते तिरकं बसलेलं असणार. आणि एकाच स्प्रॉकेटच्या दोन्ही बगला घासल्या असतील, तर ते उभ्यात कललेलं आहे : वरची चेन एका बाजूला घासते, खालची दुसऱ्या. प्रत्यक्षात दोन दोष एकत्रही असतात, त्यामुळे हे ढोबळ निदान समजा. पण सुरुवात इथूनच करावी.

तिसरा प्रकार सगळ्यांत जास्त निसटतो, कारण मेकॅनिक सहसा वरूनच बघतात. मागच्या ४२ दाती स्प्रॉकेटचा व्यास सुमारे १७ सेंटीमीटर. ते फक्त अर्धा अंश कललं, तरी वरच्या आणि खालच्या दातांत दीड मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे मोकळिकीच्या तिप्पट. मोटरची प्लेट फ्रेमला वेल्ड करताना तापून ओढली गेली, की एवढा कल सहज येतो. तपासायला मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप पुरतं. स्टीलची पट्टी मागच्या स्प्रॉकेटच्या तोंडावर उभी टेकवून कोन वाचा, मग तीच पट्टी मोटरच्या स्प्रॉकेटवर टेकवा. गाडी स्टँडवर थोडी कललेली असली तरी बिघडत नाही, दोन आकड्यांतला फरक महत्त्वाचा.

स्प्रॉकेट समांतर असूनही एका रेषेत नसण्याचा दोष मोजायला सरळ, मशीन केलेली लांब पट्टी मागच्या स्प्रॉकेटच्या तोंडावर धरून पुढपर्यंत न्यायची. इथे एक खोच आहे. दोन्ही स्प्रॉकेटची जाडी सारखी नसेल, तर तोंडं जुळवल्यावर मध्यरेषा चुकतात, म्हणून जाडीच्या फरकाचा निम्मा भाग हिशेबात धरा. शिवाय पुढच्या काही स्प्रॉकेटना एका बाजूला उंचवटा असतो. तो आत की बाहेर, एवढ्यानेच चेनची रेषा काही मिलिमीटर हलते, आणि स्पेसर नव्याने बनवण्याआधी स्प्रॉकेट उलटं लावून बघणं फुकट असतं. मोजताना बॅटरीचं मुख्य कनेक्शन काढलेलंच हवं. इलेक्ट्रिक बाइक चालू असली तरी गप्प असते, आणि चेन-स्प्रॉकेटमध्ये अडकलेलं बोट परत मिळत नाही.

एवढं सगळं जुळूनही चेन घासतच असेल, तर संशय प्लेटवर घ्यावा. मागच्या चाकाने रस्त्याला ४० किलोचा रेटा दिला, की चेनवरचा ताण त्याच्या सुमारे साडेतीनपट होतो, कारण चाकाची त्रिज्या ३० सेंटीमीटर आणि स्प्रॉकेटची साडेआठ. हे १४० किलो मोटरच्या शाफ्टला मागे ओढतात, तेही प्लेटपासून थोडं बाहेर. शिवाय इलेक्ट्रिक मोटर शून्य वेगालाच पूर्ण जोर देते. प्लेट पातळ असेल, तर गाडी उभी असताना सरळ दिसणारी मोटर थ्रॉटल दिल्यावर वाकडी होते. वीज तोडून, सामान बांधायचा रॅचेट पट्टा मोटरचं स्प्रॉकेट आणि मागचा एक्सल यांच्यात ताणून बघा. पट्टी पुन्हा टेकवली की फट दिसते. अशा वेळी उपाय प्लेटला आडवा आधार देणं हाच. स्पेसर बदलत बसून काहीही होणार नाही.

चेनचा ढिलेपणा हा वेगळा विषय असला तरी याच्याशी जोडलेला आहे. स्विंगआर्म वर-खाली होताना दोन स्प्रॉकेटमधलं अंतर बदलतं, आणि मोटरचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट (तो ज्याभोवती वर-खाली हलतो तो बिंदू) आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की ते सगळ्यांत जास्त असतं. ४५ सेंटीमीटरचा स्विंगआर्म आणि पिव्हटपासून ६ सेंटीमीटरवर स्प्रॉकेट धरा. स्विंगआर्म त्या रेषेपासून १५ अंश हलला, तर हे अंतर दोन मिलिमीटरपेक्षाही कमी बदलतं. बॅटरीला जागा करायला मोटर पुढे सरकून तिचं स्प्रॉकेट पिव्हटपासून १५ सेंटीमीटरवर गेलं, की बदल चारच्या जवळ जातो. वरची आणि खालची मिळून चेन साडेसात मिलिमीटर ढिली होते, आणि तेवढ्याने ती मध्यावर चार सेंटीमीटर लोंबते. कंपनीच्या स्टिकरवरचं २०-३० मिलिमीटरचं माप इथे निरुपयोगी. शॉक अब्जॉर्बरचा बोल्ट काढून ते तिघं एका रेषेत आणायचे आणि तिथे चेन जेमतेम मोकळी ठेवायची. मग उभ्या गाडीवर ती कितीही लोंबकळली तरी चालेल. ब्रेकबरोबर बॅटरी चार्ज करणारी सोय असेल, तर ती लागताच खालची चेन ताणली जाते आणि ढिलेपणा वर येतो, त्यामुळे स्विंगआर्मवर चेनचा टकटक आवाज येऊ शकतो.

शेवटी एक दोष असा, की तो अलाइनमेंटचा, म्हणजे रेषा चुकण्याचा नाहीच. मध्ये गिअरबॉक्स नसला की मोटरचं स्प्रॉकेट जास्त वेगाने फिरतं, म्हणून पुढे १० दाती स्प्रॉकेट बसवायचा मोह होतो. पण चेन स्प्रॉकेटवर वर्तुळात फिरत नाही, बहुभुजाकृतीत फिरते. त्यामुळे मोटर एकसारखी फिरत असली तरी चेनचा वेग कमी-जास्त होत राहतो. १४ दातांवर हा चढउतार अडीच टक्के असतो, १० दातांवर जवळजवळ पाच. गाडी थरथरते, वेगाबरोबर सूर चढतो, आणि दातांच्या बगला मात्र कोऱ्या राहतात. खात्री करायची असेल, तर दोन्ही स्प्रॉकेटच्या बगलांना मार्करची शाई लावून दोन-चार किलोमीटर गाडी फिरवून आणा. शाई जशीच्या तशी राहिली, तर मोटरची जागा न हलवता आधी पुढचे दात वाढवा, आणि गुणोत्तर राखायला मागचं स्प्रॉकेटही त्याच प्रमाणात मोठं घ्या.