अंटार्क्टिकातील ‘पिरॅमिड’ हे नैसर्गिक शिखरच

अंटार्क्टिकात लुप्त संस्कृतीने किंवा परग्रहवासीयांनी बांधलेला पिरॅमिड सापडल्याचा आणि हा शोध दडवला गेल्याचा दावा छायाचित्रासह वर्षानुवर्षे फिरत आहे. प्रत्यक्षात ते एल्सवर्थ पर्वतरांगेच्या दक्षिण भागातील, सुमारे १,२६५ मीटर उंचीचे नैसर्गिक शिखर आहे. खडकाच्या भेगांत शिरलेले पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते, त्यामुळे भेग रुंदावते, आणि ही क्रिया असंख्य वेळा घडून चहूबाजूंचे कडे ढासळत गेले की मध्ये निमुळते टोक उरते. आल्प्समधील मॅटरहॉर्न हा टोकदार पर्वत अशाच झिजेने आणि हिमनद्यांच्या कोरणीने घडला. त्याचे श्रेय मात्र कोणी परग्रहवासीयांना देत नाही! शिवाय अमेरिकी शोधप्रवासी लिंकन एल्सवर्थ यांनी १९३५ मध्येच ही पर्वतरांग विमानातून पाहिली होती, तेव्हा ‘दडवलेला शोध’ हा भागही टिकत नाही.