पाय धुण्याचा विधी आणि ‘निवडलेल्या पुरुषां’चा वाद

येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी केली जाते. त्या दिवशीच्या सायंकालीन मिस्सामध्ये (कॅथलिकांच्या प्रभुभोजनाच्या उपासनेत) उपदेश संपल्यावर धर्मगुरू वरचा झगा उतरवतात, कमरेला टॉवेल बांधतात आणि समोर बसलेल्या बारा जणांचे पाय धुतात. हे बारा जण कोण असावेत यावर गेली साठ-सत्तर वर्षे जेवढा वाद झाला, तेवढा या कृतीने माणूस नम्र कसा होतो या मूळ प्रश्नावर झालेला नाही. तो वाद समजायचा तर ही कृती एकेकाळी विधीपेक्षा रोजच्या राबणुकीच्या किती जवळ होती, हे आधी पाहावे लागते.

चौथ्या शतकात मिलानमध्ये नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्यांचे पाय धुतले जात, रोममध्ये तशी प्रथा नव्हती, तर स्पेनमधील एका धर्मसभेने ती चक्क नाकारली होती. तिला खरे वळण दिले ते मठांनी. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठांसाठी लिहिलेल्या नियमावलीत नम्रतेच्या बारा पायऱ्या सांगणारा सातवा अध्याय सर्वांना ठाऊक असतो, पण पस्तिसावा अधिक बोलका आहे. स्वयंपाकघराची पाळी आठवड्याने बदले. शनिवारी पाळी संपवणाऱ्याने भांडीकुंडी घासायची, बंधूंनी हातपाय पुसलेले टॉवेल धुवायचे, आणि मग पाळी सोडणारा व घेणारा अशा दोघांनी मिळून सर्वांचे पाय धुवायचे. भांडी स्वच्छ आणि धड कोठाराधिकाऱ्याच्या स्वाधीन करायची. पाय धुणे हे भांडी-टॉवेलांच्याच ओळीत येते. त्रेपन्नाव्या अध्यायाप्रमाणे मठात आलेल्या पाहुण्यांचे पाय मठाधिपती आणि सारा संघ धुई. स्त्रियांच्या मठांत मठमाता भगिनींचे पाय धुवत. तिथे ‘पुरुष’ हा प्रश्नच नव्हता.

694 साली तोलेदोच्या धर्मसभेने पवित्र गुरुवारी पाय धुणे बंधनकारक केले आणि दर आठवड्याच्या शिस्तीशेजारी एक वार्षिक प्रसंग उभा राहिला. पुढे राजेही गरिबांचे पाय धुऊ लागले. इंग्लंडमध्ये पाणी केव्हाच आटले आणि नाण्यांचे वाटप तेवढे उरले. इकडे 1570 च्या मिस्साग्रंथात हा विधी मिस्साच्या बाहेर, वेदीवरची आच्छादने काढल्यानंतर ठेवलेला होता. त्याची सूचना मोजक्या शब्दांची होती: धर्मसेवकांनी जमावे, आणि मोठ्याने लहानांचे पाय धुवावेत, पुसावेत, त्यांचे चुंबन घ्यावे. जमणारे धर्मसेवक असल्याने प्रत्यक्षात ते पुरुषच असत, हे खरे. पण सूचनेचा भर लिंगावर नव्हता आणि बारा या आकड्यावरही नव्हता. भर होता मोठा आणि लहान या उतरंडीवर, आणि ती उलटी करण्यावर.

व्हॅटिकनच्या 16 नोव्हेंबर 1955 च्या आदेशाने पवित्र सप्ताहाची फेररचना झाली आणि हा विधी, ऐच्छिक म्हणून का होईना, मिस्साच्या आत आला. हेतू चांगलाच होता: रिकाम्या चर्चमध्ये चारदोन जणांपुढे होणारी गोष्ट लोकांसमोर यावी. मात्र त्याच वेळी ‘निवडलेले बारा पुरुष’ हे शब्दही आले. इथला लॅटिन शब्द ‘व्हिर’ आहे. मनुष्य या अर्थी लॅटिनमध्ये ‘होमो’ हा वेगळा शब्द असल्याने ‘व्हिर’मधून ‘माणसे’ असा अर्थ काढायला जागा उरत नाही. प्रभुभोजनाची आणि धर्मगुरुपदाची स्थापना ज्या मिस्सात स्मरली जाते, तिथे बारा पुरुष बसवले की ते गरीब किंवा लहान राहत नाहीत, प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या बारा शिष्यांच्या, भूमिकेत जातात. पुढचा सगळा गुंता या एका स्थलांतरातून निघाला, असे माझे मत आहे. 1970 च्या मिस्साग्रंथाने बारा हा आकडा गाळला, ‘पुरुष’ ठेवला. अनेक देशांतील धर्मग्रामांत स्त्रियांचे पाय धुतले जाऊ लागले, व्हॅटिकनच्या 1988 च्या परिपत्रकाने पुन्हा पुरुषांचाच उल्लेख केला, आणि तरीही प्रथा चालूच राहिली.

28 मार्च 2013 रोजी, तेव्हा नुकतेच निवडून आलेले पोप फ्रान्सिस यांनी रोममधील बालगुन्हेगारांच्या कोठडीत बारा तरुण कैद्यांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या, आणि त्यांतली एक मुस्लिम होती. जवळपास तीन वर्षे नियम एक आणि तो करणाऱ्याची कृती दुसरी, अशी स्थिती राहिली. 6 जानेवारी 2016 च्या आदेशाने शब्द बदलून ‘देवाच्या प्रजेतून निवडलेले’ असे केले. ‘निवडलेले’ मात्र तसेच राहिले, आणि यादी करण्याचे काम संपले नाही. आपल्याकडेही नावे आधी ठरतात, आणि ठरलेली माणसे घरून पाय स्वच्छ धुऊनच येतात.

ज्या पंथांनी निवडच ठेवली नाही, तिथे हा वाद झाला नाही. प्रौढांनाच बाप्तिस्मा देणाऱ्या अ‍ॅनाबॅप्टिस्टांच्या 1632 च्या दोर्द्रेख्त कबुलीजबाबात (त्यांच्या श्रद्धेच्या जाहीरनाम्यात) पाय धुण्याला स्वतंत्र कलम आहे. 1708 साली जर्मनीत सुरू झालेल्या एका पंथाच्या प्रीतिभोजनात पुरुष पुरुषांचे आणि स्त्रिया स्त्रियांचे पाय धुतात. प्रत्येक जण धुतो आणि प्रत्येकाचे धुतले जातात. त्याच परंपरेचे अमेरिकन मिशन 1890 च्या दशकात वलसाडला आले आणि पुढे डहाणूपर्यंत पोहोचले. वधूपिता वराचे पाय धुतो आणि शिष्य गुरूचे, अशी सवय असलेल्या मुलखात सर्वांनी एकमेकांचे पाय धुण्याची ही रीत खटकली नसेल, असे म्हणवत नाही.

2016 चा आदेश फक्त लॅटिन विधीपुरता, म्हणजे रोमची उपासना-पद्धत पाळणाऱ्या कॅथलिकांपुरता होता. पोपला मानणाऱ्या, पण स्वतःची उपासना-पद्धत असलेल्या केरळमधील सिरो-मलबार चर्चने 2017 मध्ये पुरुष आणि मुलगे हीच आपली परंपरा कायम ठेवली. त्या चर्चचा कल्याण धर्मप्रांत 1988 मध्ये स्थापन झाला. त्यामुळे मुंबई-ठाण्यात एकाच संध्याकाळी, जवळजवळच्या दोन कॅथलिक चर्चमध्ये, एकीकडच्या बाकावर स्त्रिया असतात आणि दुसरीकडे नसतात.