पडद्यावरचा भडका आणि विहिरीतला सुरुंग

चित्रपटात मोटार दरीत कोसळते, नारिंगी आगीचा लोळ झाडांच्या वर उठतो आणि त्याकडे पाठ करून नायक सावकाश चालत येतो. प्रेक्षक याला स्फोट म्हणतात. परंतु यवतमाळ-अमरावतीकडे काळ्या पाषाणात विहीर खोदताना ज्यांनी सुरुंगाचे बार उडताना पाहिले आहेत, त्यांना तेथे असा लोळ दिसलेला नसतो. जमीन हादरते, धुरळा आणि दगड वर येतात, आणि सारे संपते. पडद्यावर दिसतो तो बहुधा इंधनाचा भडका. विहिरीत होतो तो स्फोट.

भडक्यात एका थराची ज्वाला शेजारच्या थराला तापवते, मग तो पेटतो, आणि हे काम उघड्यावर साधारण सेकंदाला काही मीटर इतक्याच वेगाने पुढे सरकते. त्यासाठी लागणारा ऑक्सिजन भोवतालच्या हवेतून यावा लागतो. लोळाच्या पोटात तो पुरेसा पोचत नाही, म्हणून काजळी धरते आणि पडद्यावरचा तो भव्य काळा धूर तयार होतो. चित्रपटवाले थोड्याशा स्फोटक दारूने पेट्रोल वर उडवून पेटवतात, कारण त्यात दिसते पुष्कळ आणि मोडते थोडे. सुरुंगाच्या दारूत मात्र ऑक्सिजन पुरवणारा अमोनियम नायट्रेटसारखा घटक आधीच मिसळलेला असल्याने तिला हवेची वाट पाहावी लागत नाही, आणि तिच्यातली क्रिया उष्णतेने नव्हे, तर दाबाच्या लाटेने सेकंदाला काही हजार मीटर वेगाने पुढे जाते. पाषाण फुटतो तो या दाबाने. उजेड क्षणभराचा, तोही भोकाच्या आतच राहतो.

भडक्यापुढे पळून जीव वाचवणे क्वचित जमेलही. स्फोटाच्या लाटेबाबत तो प्रश्नच उद्भवत नाही, कारण हवेत ती ध्वनीहून अधिक वेगाने निघते आणि क्षीण झाल्यावरही सेकंदाला सुमारे ३५० मीटरच्या खाली येत नाही. तिच्यापुढे शंकरपटातली, म्हणजे बैलांच्या शर्यतीतली, जोडीही टिकणार नाही. नायकाला दहा हात उडवून देणारी लाट त्याचे कानाचे पडदे आणि फुप्फुसे शाबूत ठेवील, हे तर मला सर्वांत मोठे थोतांड वाटते. आवाजाचेही तसेच. वणी परिसरातल्या उघड्या कोळसा खाणीतले ब्लास्टिंग एक किलोमीटरवरून पाहिल्यास आधी धुरळा दिसतो, मग जमिनीतून हादरा येतो आणि आवाज जवळजवळ तीन सेकंदांनी पोचतो. पडद्यावर सगळे एकदम.

गोळी लागताच टाकी उडते, हेही खरे नाही. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच पेटते; बंद टाकीत ती बहुधा त्याहून कितीतरी दाट असते, त्यामुळे साध्या गोळीने भोक पडते आणि पेट्रोल गळते. ट्रॅक्टरचे डिझेल तर त्याहून मंद.

तरीही भडका म्हणजे निरुपद्रवी असे समजू नये. गॅस हवेहून जड असल्याने गळती झाली की तो स्वयंपाकघरात जमिनीलगत साचतो, आणि ठिणगी पडल्यावर बंद खोलीत फुगणाऱ्या तप्त वायूला वाट न मिळाल्याने भिंती ढासळतात. गावात ज्याला सिलिंडरचा स्फोट म्हणतात, तो पुष्कळदा असा कोंडलेला भडकाच असतो, आणि नंतर पाहावे तर सिलिंडर अखंड पडलेले आढळते.

सुरुंगाची भीती वेगळी, ती उडणाऱ्या दगडांची. म्हणूनच उघड्या कोळसा खाणीत बार उडवताना ५०० मीटरपर्यंतचा परिसर धोक्याचा मानतात, भोंगा वाजवून माणसे हलवतात आणि ज्यांना जवळ थांबावेच लागते त्यांना भक्कम आडोशाखाली बसवतात. पाठ करून चालण्याची परवानगी तेथे कोणालाच नसते.